चोवीस चकत्या

३ जुलै, गुरुवार

शेडमध्ये दोन लेथ चालू, कंप्रेसर चालू, आणि तरी फाटकाशी उभी राहून श्रीविद्या फोनवर हसली ते मला ऐकू आलं. "हो सर. नक्की सर." माझ्याशी बोलते तेव्हा तिचा आवाज सपाट असतो, ताट जमिनीवर ठेवावं तसा. फोनवर तो अर्धा स्वर वर चढला होता. पलीकडे भरद्वाज राव होते हे विचारायची गरज पडली नाही.

म्हणून ही वही. देवनागरीत लिहितो, कारण या घरात ती सुरक्षित आहे. लावण्या, माझी बायको, तमिळ वाचते. श्रीविद्या, माझी एकुलती एक लेक, तमिळ आणि इंग्रजी. मराठी आम्ही घरात बोलतो, वाचत कुणी नाही. मला अक्षरं वडिलांनी शिकवली. ते पापनाशमला कीर्तनात झांज धरायचे. त्यांच्याकडून दोन गोष्टी मिळाल्या, अक्षरं आणि कान. बाकी सगळं मी केलं. तेराव्या वर्षी नाच्चियार कोविलला समयांच्या कारखान्यात घासायला बसलो, आज तंजावुरात नांजिकोट्टै रस्त्यावर माझ्या शेडमध्ये टायटॅनियम कापतो.

पोरगी विद्यापीठात पीएच.डी. करते. मोडलेलं हाड जोडायला टायटॅनियमच्या मिश्रधातूचे स्क्रू, पट्ट्या बसवतात. हाडाच्या पेशींना तो धातू तसाच, उघडा, जास्त मानवतो, की हाडातलाच क्षार त्यावर लेप म्हणून चढवला तर जास्त, हे तिला शोधायचं आहे. त्यासाठी ऐंशी चकत्या, नाण्याएवढ्या, एकाच सळईतून. सगळ्या मी करायच्या. त्यातल्या चाळीस भरद्वाज राव लेप देणार, चाळीस उघड्या राहणार. म्हणजे पोरीच्या प्रयोगात एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला तो.

१८ ऑगस्टला तिचं काम तपासणाऱ्या समितीची बैठक आहे. त्या दिवशी निकाल पटला तर ती प्रबंध लिहायला बसेल. नाही पटला तर अवघं पुन्हा, आणि शिष्यवृत्ती डिसेंबरात संपते.

६ जुलै, रविवार

चकत्या झाल्या. टायटॅनियम घाई खपवून घेत नाही. टूल बोथट व्हायला लागलं की ते कण्हतं, आणि ते कण्हणं डोळ्याला दिसायच्या आधी मला ऐकू येतं. ऐंशी चकत्यांत तीनदा टूल बदललं, तिन्ही वेळा वेळेत. मग नकाशात, म्हणजे चकतीच्या ड्रॉइंगमध्ये, लिहिल्याप्रमाणे वाळूचा फवारा मारून सगळ्या एकसारख्या खरखरीत केल्या. पाठीवर नंबर कोरले, पहिल्या चाळीस उघड्या राहायच्या. नकाशाच्या तळाशी ठळक अक्षरात आहे, यानंतर पृष्ठभागाला हात लावू नये.

भरद्वाज राव स्वतः चाळीस घ्यायला आले. वय अठ्ठेचाळीस. जर्मनीत आठ वर्षं काढून आलेले, त्रिची रस्त्यावर त्यांचं लेपाचं युनिट. राहायला आमच्यासारखेच राजवाड्यामागच्या गल्लीत. रविवारी सकाळी सरस्वती महाल ग्रंथालयात बसून मोडी कागद वाचतात. हौस म्हणून! मी वाचतो ते नकाशे, आणि ते पोटासाठी.

"सेतू अण्णा," एक चकती उजेडात धरून ते म्हणाले, "तुमच्या हातचं काम म्हणजे मला मोजायला काही उरतच नाही."

आणि तरी खिशातून यंत्र काढून मोजलं. रागावण्यासारखं त्या माणसात काही नाही, हेच मला सोसत नाही.

११ जुलै, शुक्रवार

त्यांच्या चाळीस परत आल्या. माझ्या उघड्या चाळीस मी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवल्या होत्या. त्यांनी काळ्या फोमची पेटी केली आहे, प्रत्येक चकतीला वेगळी खोबण, छापील नावं. चकत्या पांढऱ्याशुभ्र, दारात काढायच्या कोलमच्या, रांगोळीच्या पिठासारख्या. श्रीविद्याने आमच्याच ओसरीवर पेटी उघडली आणि म्हणाली, "अय्यो, केवढं सुंदर!"

माझा डबा शेजारीच होता. राखाडी, मलूल, पावसात राहिलेल्या भांड्यासारख्या माझ्या चकत्या. तिने डबा दोन बोटांनी बाजूला सारला, पेटीला जागा व्हावी म्हणून.

कॉफीचा पेला पुढे सारत लावण्या म्हणाली, "कापी निवते हो तुमची."

"निवूं दे," मी म्हणालो.

"डब्याकडे काय असे पाहतां? जावई पाहायला आल्यासारखें?"

या बाईलाही कान आहेत, फक्त ती डोळ्यांनी ऐकते.

१३ जुलै, रविवार

दुपारी दोघी बृहदीश्वराला गेल्या. मी डबा उघडला. दुखणेकऱ्याच्या हाडात जायची वस्तू अशी मळकट का असावी? खरखरीत अंग म्हणजे मळ धरणारं अंग. नाच्चियार कोविलला आमचा मेस्त्री म्हणायचा, बोट फिरवलं की अडता कामा नये. नकाशा काढणाऱ्यांनी समई कधी घासली नसेल.

देवघरातून विभूती घेतली. घरची चांदी आम्ही तिनेच घासतो, ओरखडा येत नाही. खोबरेल तेलाचा एक थेंब, धुतलेल्या धोतराचा तुकडा, आणि अंगठ्याने गोल गोल. आरसा काही झाला नाही, पण राखाडी जाऊन रुपेरी उजेड आला. शेवटी कोऱ्या कापडाने पुसून काढल्या. विभूती देवाच्या कपाळाला चालते, हाडाला का चालू नये?

नंबर एकपासून सुरू केलं, चोवीसवर थांबलो, अंगठा भरून आला आणि दोघी परत आल्या. पंचवीस ते चाळीस तशाच राहिल्या.

लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणार आहे. हे मी हाडासाठी केलं नाही. माझा डबा त्याच्या पेटीशेजारी ठेवला की पोरीने आधी माझ्याकडे बघावं, एवढ्यासाठी केलं. तो जर्मनीत शिकला, मी घासत होतो. मग घासण्यात तरी मी पुढे असायला हवं. तो माणूस माझ्या ओसरीवर बसून माझी पोरगी घेऊन जातो आणि जाताना मला अण्णा म्हणतो.

१४ जुलै, सोमवार

डबा प्रयोगशाळेत नेऊन दिला. तिने झाकण काढलं आणि खरंच, आधी माझ्या चकत्यांकडे बघितलं! चांगलं मोजून चार-पाच श्वास. मी तर पेटीकडे पाहिलंच नाही.

मग म्हणाली, "अप्पा, ह्यांत काही जास्ती उजळ कां?"

तो सपाट आवाज. मला सांगायचं होतं, मी केल्या, तुझ्यासाठी केल्या. पण भिंतीवर तोच नकाशा चिकटवलेला होता, तळाच्या ठळक ओळीसकट.

"सळई निराळी असेल," मी म्हणालो.

"सरि, बरें," ती म्हणाली आणि वहीत लिहून ठेवलं. बाप सांगतो म्हटल्यावर तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आडी अठरा, आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीच्या पुराचा सण. कावेरीला पाणी भरपूर, घाटावर बायकांची दाटी. घरी चार तऱ्हेचे कालवलेले भात, चित्रान्न. लावण्याने भरद्वाज रावांना जेवायला बोलावलं, मला न विचारता.

त्यांनी चिंचेचा भात तीनदा घेतला. श्रीविद्या त्यांच्यासमोर बसली होती आणि पुन्हा तोच चढा आवाज, भरभर, शब्दावर शब्द. ते शांतपणे विचारायचे, "का बरं? कशावरून?" आणि ती आणखी वर चढायची. एकदा त्यांनी विचारलं, "पेशी टाकायच्या आधी चकत्या धुतल्या कशाने?" तर उत्तर देताना तिच्या हातातलं ताकाचं भांडं हिंदकळलं. इतका जीव आहे त्या माणसावर! माझ्यासमोर बसते तेव्हा पाय पसरून बसते, बोटं चाटते, अर्धं वाक्य बोलून सोडून देते. मान ठेवायचा तो तिकडे.

जाताना ते म्हणाले, "अण्णा, अशी मुलगी असणं म्हणजे..." आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यांना मूल नाही. मी म्हणालो, "सावकाश जा, गल्लीत चिखल आहे."

८ ऑगस्ट, शुक्रवार

निकाल आले. चकतीवर पेशी वाढवतात, मग एक रंग टाकतात. जितक्या पेशी जिवंत, तितकं जांभळं. लेपाच्या चकत्या वांग्यासारख्या गडद आल्या. माझ्यातल्या काही बऱ्या जांभळ्या, पण पुष्कळशा फिक्या, पाण्यात शाईचा एक थेंब पडावा तशा. पेशी चिकटल्याच नाहीत.

म्हणजे तो जिंकला. जेवण गेलं नाही. लावण्या म्हणाली, "कोणी गेलें काय?" मी म्हणालो, "नाही. फिकें आलें."

श्रीविद्या मात्र दुसऱ्याच गोष्टीने काळजीत. "अप्पा, उघडा टायटॅनियम इतका वाईट नसतोच. जगभर चाळीस-पन्नास वर्षें माणसांत बसवितात. आणि एकाच डब्यांतली एक बरी, दुसरी मेलेली, असें कसें? माझाच हात चुकला असेल."

मी म्हणालो, "हात माणसाचा असतो, चुकतो." आणि बाहेर येऊन उभा राहिलो. विभूतीची आठवण आली, तिला मी म्हणालो, बस.

१२ ऑगस्ट, मंगळवार

श्रीविद्याने मागितलेला रिकामा डबा पोचवायला विद्यापीठात गेलो होतो. बाकावर बसलो. गाईड मॅडमचं दार बंद होतं, पण माझ्या कानांना दाराची अडचण नाही.

"एकाच सळईचं प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे, आणि तू लिहितेस सळई निराळी? कुणी सांगितलं? तपासलंस? उघड्या चकत्यांचे आकडे असे विखुरलेत की समिती पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, पेशी नीट सांभाळता येतात का हिला. मी काय सांगू?"

श्रीविद्या उत्तर देत होती. आणि तोच आवाज, अर्धा स्वर वर, भरभर, शब्दावर शब्द. मॅडमवरही तिचा असाच जीव असावा. माझ्याच वाट्याला सपाट.

तिने माझं नाव घेतलं नाही. "मीच तपासायला हवें होतें, मॅडम," म्हणाली.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. मला पाहून म्हणाली, "अप्पा, जेवलांत?"

मी म्हणालो, "जेवलो." जेवलो नव्हतो. महिन्याभरातलं दुसरं खोटं, आणि हे तरी निरुपद्रवी.

१३ ऑगस्ट, बुधवार

भरद्वाज राव शेडवर आले. लेथ बंद करा म्हणाले. मी बंद केला. त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला, करडा, चंद्राच्या जमिनीसारखा. मॅडमनी त्यांच्याकडे तीन फिक्या चकत्या पाठवल्या होत्या, मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला.

"अण्णा, हे खड्डे तुमच्या वाळूच्या फवाऱ्याचे. पेशी यांनाच धरून बसतात, खरखरीत म्हणूनच तर मागितलं होतं. आणि खड्ड्यांत हे जे दाणे रुतलेत, ती राख. वर तेलाचा पापुद्रा, निर्जंतुक करताना भाजून घट्ट झालेला. आणि या रेघा बघा."

रेघा गोल गोल होत्या.

"यंत्र असं गोल करत नाही," ते म्हणाले. "हा अंगठा आहे."

मी अंगठा मुठीत घेतला.

"दोन दिवस हा फोटो माझ्याकडे आहे. लेकीला दाखवला नाही. म्हटलं, तुम्ही आधी सांगाल."

"तुम्हांला काय, तुमचा लेप जिंकला," मी म्हणालो. तोंडून निघून गेलं.

"कुणाशी जिंकला अण्णा? समोर कोणी नव्हतंच. तिथे विभूती होती." मग हसले, पण हलकेच. "हरलोच तर तुमच्या खऱ्या चकतीशी हरायला मला आवडेल. निदान पेपर तरी छापता येईल."

काय करावं या माणसाचं? जरा तरी वाईट वागला असता तर मला केवढा आधार झाला असता.

संध्याकाळ

सांगितलं. ओसरीवर, लावण्यासमोर. विभूती, तेल, धोतर, सळईचं खोटं, सगळं. लावण्या कपाळाला हात लावून आत गेली.

श्रीविद्याने का म्हणून विचारलं नाही. तिने विचारलं, "कोणत्या?"

"म्हणजे?"

"कोणत्या नंबरच्या, अप्पा? अवघ्या चाळीस?"

"नाही. चोवीसच. एक ते चोवीस."

ती उठून उभी राहिली. खोलीतून आकड्यांचा कागद घेऊन आली, पेन्सिल फिरवत गेली. फिके सगळे एक ते चोवीसमध्ये. पंचवीसच्या पुढे एकही फिका नाही. "अप्पा, काम मेलें नाहीं!" ती म्हणाली, आणि मग ताबडतोब, "पण हें कोण मानेल? आज तुम्ही म्हणतां चोवीस. वाईट आकडे पाहून बापाने लेकीसाठी नंबर जुळविले, असेंच म्हणतील. त्याच दिवशीं कोठें लिहून ठेविलें काय?"

मी आतल्या खोलीकडे, या वहीकडे पाहिलं. मग म्हणालो, "ठेविलें."

१४ ऑगस्ट, गुरुवार

वही टेबलावर. श्रीविद्या एका बाजूला, मी एका बाजूला. मॅडमचं म्हणणं, त्या तारखेचं पान इंग्रजीत उतरवून द्या, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट, घरच्या माणसाने केलेलं चालणार नाही. आणि तंजावुरात देवनागरी अस्खलित वाचणारा, इंग्रजी लिहिणारा, प्रयोग समजणारा माणूस कोण? समोर बसला होता, चष्मा पुसत.

मी म्हणालो, मी वाचतो, तुम्ही लिहा. वही माझ्याकडे ओढून धरली. विभूती वाचली. तेलाचा थेंब वाचला. एक ते चोवीस वाचलं, पंचवीस ते चाळीस वाचलं. आणि वही मिटली.

भरद्वाज रावांनी लिहिणं थांबवलं. "अण्णा, खाली सहा ओळी आहेत अजून."

उलट्या बाजूने वाचतो तो माणूस! मोडी वाचून डोळे तयार झालेले.

"त्या घरगुती आहेत."

"मग मी लिहीन की पान अपुरं दिलं. तसं लिहायलाच हवं मला."

तेवढ्यात मॅडमचा फोन. श्रीविद्याने स्पीकर लावला. मॅडम म्हणत होत्या, "नंबर ठीक. पण समिती एकच प्रश्न विचारेल. तीस वर्षं नकाशावर काम केलेला माणूस, हात लावू नये लिहिलेलं असताना, राखेने चोवीस चकत्या घासतो? का? कारण नसेल तर ही गोष्ट मलाही खरी वाटत नाही."

फोन ठेवला. पंखा फिरत होता. कारण त्या सहा ओळींतच होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं. मी वही उघडली आणि फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. मला मोठ्याने वाचवेना.

त्यांनी मनात वाचलं. पानावरून बोट एकदा गेलं, मग शेवटच्या ओळीवर थोडं थांबलं. कान लाल झाले त्यांचे. ते लिहायला लागले. श्रीविद्या त्यांच्या पेनाकडे बघत होती, इंग्रजी उमटत होतं तसं वाचत होती. मी भिंतीकडे बघत होतो.

"'घासत होतो'ला 'पॉलिशिंग' लिहू का 'स्क्रबिंग'?" त्यांनी विचारलं.

"स्क्रबिंग," मी म्हणालो. "मऊ करूं नका."

१८ ऑगस्ट, सोमवार

मलाही बोलावलं होतं. पाच जणांची समिती, लांब टेबल. मी दाराजवळच्या खुर्चीत, नव्या शर्टात.

कागद एकाकडून दुसऱ्याकडे गेला. प्रत्येक जण सुरुवातीला कपाळाला आठ्या घालून वाचायचा, आणि खालच्या सहा ओळींशी आला की माझ्याकडे बघायचा. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि तमिळमध्ये विचारलं, "तुम्हीच ते?"

"मीच तो."

"मुलगी आहे मलाही," ते म्हणाले, आणि कागद पुढे दिला.

चोवीस चकत्या बाद झाल्या, कारणासकट. उरलेल्या सोळा धरून हिशेब पुन्हा मांडला. सातव्या दिवशी लेपाच्या चकत्या पुढे, हे खरं आहे, मी भिंतीवरचा आलेख स्वतः पाहिला. चौदाव्या दिवशी फरक नखाएवढा. श्रीविद्याने तेच सांगितलं, कुणाला वर नाही, कुणाला खाली नाही. सोळाच्या जोडीला आणखी चोवीस नव्या करून पडताळा घ्या, तोवर लिहायला बसा, असं ठरलं. नव्या चकत्या मोजून, पिशवीत सील करून, माझ्या शेडमधून थेट जातील. सील भरद्वाज राव करणार. मी हो म्हणालो.

मग मॅडमनी तो कागद फाईलमध्ये ठेवायला घेतला, तर श्रीविद्या म्हणाली, "मॅडम, हा प्रबंधाच्या परिशिष्टात जायला हवा. अख्खा."

"खालच्या ओळीही?"

"त्यांच्यावाचून वरच्या कोण मानेल?"

एवढं बोलताना तिचा आवाज मात्र सपाट होता, घरातला. सगळ्यांसमोर! मला कळेना, समितीवर एकाएकी तिची मर्जी का उतरली.

म्हणजे आता माझा मत्सर कापडी पुठ्ठ्यात बांधून विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहणार, इंग्रजीत, त्यावर भाषांतरकार म्हणून त्याचं नाव. बाहेर व्हरांड्यात श्रीविद्याने मसुदा दाखवला. वर त्याचं नाव, त्याच्या पदव्या, खाली बारीक अक्षरात माझं.

"हें असें कां?" मी म्हणालो. "घासलें कोणी? लिहिलें कोणी?"

"तुम्ही, अप्पा."

"मग?"

तिने पेन काढून बाण ओढला, माझं नाव वर नेलं. भरद्वाज राव शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "बरोबर आहे अण्णा," आणि मी त्यांना ओसरीवर जेवायला बोलावलं, गुरुवारी, चिंचेचा भात. पण एका अटीवर, वाढणार मी.